आसरा क्रमांक सात

सिडाम मॅडमच्या तासाला वही विसरली तर चालायचं, वजनकाटा विसरलेला चालायचा नाही. भावी वनरक्षकांनी जंगलात जायचं, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट जमिनीवर टाकायची, तिच्या आतला वाळका पाला, काड्या, गवत सगळं गोणीत भरायचं आणि काट्याला लावायचं. दरवर्षीची तुकडी पहिल्या दिवशी यावर हसायची. ‘वनरक्षक व्हायला आलो की भंगार गोळा करायला?’ असं मागून कोणीतरी म्हणायचंच. मालता सिडाम त्यांना हसू द्यायची आणि हसणं संपलं की सांगायची, “वारा आपल्या हातात नाही, ऊन आपल्या हातात नाही. वणव्याच्या ताटातलं हे एवढं एकच वाढणं आपल्या हातात आहे. किती वाढून ठेवलंय ते तरी बघाल की नाही?”

कोरमाळच्या वन प्रशिक्षण केंद्रात ती नऊ वर्षं वणव्याचा विषय शिकवत होती. त्याआधीची वीस वर्षं वनरक्षक आणि वनपाल म्हणून जंगलात गेली होती. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची चकचकीत खूण होती, त्यामुळे तिला पुस्तकी म्हणायची कोणाची छाती नव्हती.

२०४३ सालच्या मार्चमध्ये बावीस जणांची तुकडी घेऊन ती टेकडीवरच्या मोहाच्या बनात आली. फुलांचा हंगाम सरत आला होता. फुलं झेलायला झाडांखाली पसरलेल्या हिरव्या नायलॉनच्या जाळ्या आता गुंडाळून बुंध्यांना बांधल्या होत्या. ईश्वरी ढोक नावाच्या परतवाड्याच्या मुलीने पहिली गोणी काट्याला लावली आणि आकडा दोनदा वाचला.

“अकराशे चाळीस ग्रॅम, मॅडम.”

“काटा झटक. परत लाव.”

परत तेवढंच आलं. पाच ठिकाणी चौकट टाकली, पाचही ठिकाणी हजाराच्या वर. खालच्या सागाच्या जंगलात याच तुकडीला सरासरी साडेतीनशे मिळाले होते.

तुकडीचा नायक वेदांत बोरकुटे हातातल्या टॅबलेटकडे बघत होता. “मॅडम, ताई तर इथे नव्वद ग्रॅम दाखवून राहिली. हा आसरा आहे ना. आसरा क्रमांक सात.”

ताई म्हणजे वनवेध. सरकारी कागदावर तिचं नाव वनवेध यंत्रणा असंच होतं, पण कानातल्या बोंडातून ती इतक्या मायेने बोलायची की पोरांनी तिला बहीण करून टाकलं होतं. प्रत्येकाच्या मनगटावर तिचा पट्टा होता. उपग्रहावरून दिसणारी उष्णता, झाडांवर ठोकलेल्या डब्यांनी मोजलेला वारा आणि हवेतला ओलावा हे सगळं जुळवून ती वणवा कुठल्या मिनिटाला कुठे पोचेल ते सांगायची. तिने सांगितलेलं सहसा चुकत नसे. वणवा अंगावर येत असेल तर ती पट्ट्यावर हिरवा ठिपका दाखवायची, तो आसरा. तिथे आग येऊन विझते, म्हणून तिथे जाऊन उभं राहायचं.

आसरे तिला कोणी शिकवले नव्हते. २०३० सालापर्यंतच्या तीस वर्षांतल्या हजारो वणव्यांचे नकाशे तिच्यात भरले होते, आणि वणवे कुठे थांबतात ते तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. पाण्याशी थांबतात, उघड्या खडकाशी थांबतात, ते तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते मोहाच्या बनांशीही थांबतात, हे तिने सांगितलं तेव्हा मोठमोठ्या तज्ज्ञांनी माना डोलावल्या होत्या. त्यावर दोन शोधनिबंधही निघाले होते.

मालताने वाकून मूठभर पाला उचलला. हातात घेताच त्याचा चुरा झाला. तो चुरा तिने रुमालात बांधून घेतला आणि तुकडीला खाली उतरवलं.

रविवारी ती बोरीटोल्याला आईकडे गेली. जैतुराबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, पण हात कसे पोरीसारखे चालायचे.

“आयतवारी आलीस? काम निंगलं असन,” मान वर न करता ती म्हणाली.

“निघालं, माय. मोहाखाली वणवा का थांबायचा, ते विचारायला आले.”

“थांबत नवता. आमी थांबवत होतो.” चिंचोका टोपलीत पडला. “फूल पडाच्या आंधी, पाहाटे, दव असताना जाव. झाडाखाली दोन बाजा मावतीन एवढी जागा. भवताल खराट्यानं झाडून माती उघडी कराची, मंग मधातल्या पाल्याले काडी लावाची. आग बसून जेवली पायजे, उभी राहून नाई. सूर्य निंगेपर्यंत सारं खलास. मंग फूल पडलं का स्वच्छ जमिनीवरून येचाचं.”

“आणि सुटली तर?”

“सोमीची सुटली होती एकदा. उशिरा उठली, भर दुपारी काडी लावली, आळशी कुठची. चार दिवस जंगल जळलं.” म्हातारीने पुढची चिंच उचलली. “पन बाकीच्यांची कधी नाई सुटली.”

मालताच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. उपग्रहाला जमिनीवरचा तीनशे-चारशे मीटरचा चौकोन म्हणजे एक ठिपका. दोन बाजांएवढी, दवात पेटलेली, वीस मिनिटांत विझलेली आग त्या डोळ्याला दिसणार कशी? अशा शेकडो आगी बायकांनी दरवर्षी मार्चमध्ये लावल्या आणि यंत्राच्या नकाशात त्यातली एकही उमटली नाही. नकाशात उमटले ते एप्रिल-मेचे मोठे वणवे, मोहाच्या बनापर्यंत येऊन खायला काही न मिळाल्याने उपाशी मेलेले. यंत्राने हिशेब केला, मोह आला की आग मरते. पाहुण्याला सारवलेलं अंगण दिसतं, सारवणारी दिसत नाही, त्यातलाच प्रकार. आणि एप्रिलमध्ये बाकीचं जंगल उघडंबोडकं असताना मोहाला नवी पालवी फुटलेली असते. वरून बघणाऱ्याला सगळं हिरवंगार, ओलसर. खाली काय साठलंय ते वरून कोण बघतो?

आता खाली चौदा वर्षांचा पाला होता. कारण चौदा वर्षांपूर्वी मोहाखाली काडी लावण्यावर कडक बंदी आली, जाळ्या वाटल्या गेल्या, आणि बोरीटोल्याच्या बारा बायकांवर गुन्हा नोंदवला गेला. नोंदवणारी वनपाल होती मालता सिडाम. घरच्यांना सोडलं असं कोणी म्हणू नये म्हणून यादीत पहिलं नाव तिने आईचं घातलं होतं.

“माय, तेव्हा मी...”

“तुवं बरोबर होतं. कायदाच होता तसा. सुटलेली आग मी बी पायली आहे.” जैतुराबाईने आता मान वर केली. “पन काय लिवलं ते वाचून नाई दाखवलंस. सरळ आंगठा धरला माहा. दुसऱ्या सायबानं धरला असता तं वाईट नसतं वाटलं.”

त्या दिवसापासून आईने मोह वेचणं सोडलं होतं, आणि कारण लेकीने कधी विचारलं नव्हतं. खाई त्याला खवखवे. निघताना विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, “आणि आग अंगावरच आली तर काय करायचात तुम्ही?”

“आगीच्या पुढं कोन पळते? थे आपल्याहून जोरात पळते. पातळ जागा पाहून मांगं निंगून जाव, जळल्या जागी. आग उष्टं खात नाई.”

केंद्राचे संचालक उमेश लोणकर हे वाईट गृहस्थ नव्हते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखालचे दोन वनरक्षक वणव्यात गेले होते, कुठल्या वाटेने पळायचं यावर वाद घालत असताना. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखे ते ताकही फुंकून प्यायचे. वनवेध आल्यापासून कोरमाळच्या जंगलात एकही माणूस दगावला नव्हता. मालताचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं.

“जाळायची परवानगी या हंगामात मिळणं शक्य नाही, मॅडम. पंधरा फेब्रुवारीनंतर जंगलात काडी ओढणं हाच गुन्हा, आपली पोरंसुद्धा गेटवर खिसे दाखवून आत जातात. तुम्ही लेखी द्या, मी समितीकडे पाठवतो.”

“तोवर पोरांना सांगू? की सात नंबरला जाऊ नका?”

“नको.” ते पुढे झुकले. “एका आसऱ्याबद्दल शंका आली की पोरं सगळ्यांबद्दल घेतील. आगीत शंका मारते. मी पाहिलंय.”

त्यांनी पाहिलं होतं, हे मालतालाही ठाऊक होतं. तिने पत्र लिहिलं. ‘आसरा क्रमांक सात येथे पालापाचोळ्याचे वजन अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. कृपया फेरतपासणी व्हावी.’ एवढंच. ते का जास्त आहे, आधी कमी का होतं, तो पाला कोण झाडायचं, यातलं एक अक्षर तिने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बारा बायकांचं बरोबर होतं हेही सहीनिशी लिहावं लागलं असतं. दहा दिवसांनी उत्तर आलं. पावसाळ्यानंतर स्थळपाहणी करण्यात येईल.

पावसाळ्यानंतर तर पावसाळ्यानंतर, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. दोनेक महिन्यांचा तर प्रश्न होता, आणि सात नंबरच्या आसपास गेल्या चौदा वर्षांत वणवा फिरकला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आसरा-चाचणी झाली. ताई खोटा इशारा देणार, पोरांनी असतील तिथून आसरा गाठायचा, वेळ पट्ट्यावर नोंदणार. त्यावर गुण, आणि त्या गुणांवर नेमणूक. चाचणीपूर्वी मालताने सगळ्यांना ओळीत उभं केलं. स्वतःच्या पोटातली शंका झाकायला तिने आवाज जरा जास्तच चढवला.

“कानात ताई बोलली की डोकं चालवायचं नाही. पाय चालवायचे. समजलं?”

“समजलं, मॅडम!”

ईश्वरी ढोक चार मिनिटं दहा सेकंदांत सात नंबरला पोचली. केंद्रात आजवर एवढ्या झटपट कोणी पोचलं नव्हतं. मालताने पूर्ण गुण दिले आणि तुकडीला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी लाजून खाली बघत राहिली, तिच्या बुटाभोवती घोट्याच्या वर पाला होता.

सव्वीस एप्रिलला दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी उन्हाने लोंबलेली विजेची एक तार सागाच्या वाळक्या फांदीला घासली. हवेत ओलावा अकरा टक्के. टेकडीच्या पायथ्याशी धूर दिसला तेव्हा मालता सोळा पोरांसह जाळरेषेवर उभी होती. जानेवारीत मुद्दाम जाळून मोकळी केलेली ती रुंद पट्टी, तिथे धोका नव्हता. उरलेले सहा जण नाल्यापलीकडच्या उतारावर पाला मोजायला गेले होते, वेदांत आणि ईश्वरी त्यांच्यात होते. मधे नाला, शिवाय चढणीची आग, त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. आग चढणीला लागली की पुढचा पाला आधीच तापवत, वाळवत जाते आणि माणसाला मागे टाकते, हे मालताने त्याच पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

ताईचा आवाज सगळ्यांच्या कानात एकदमच आला, नेहमीसारखाच गोड. “वणवा आपल्या स्थानी नऊ मिनिटांत पोचेल. पलीकडील गटाने आसरा क्रमांक सातकडे जावे. अंतर सहाशे मीटर.”

मालताने पट्ट्यावरचं तुकडीच्या नायकाशी जोडणारं बटण दाबलं. “वेदांत! मोहाकडे जाऊ नका. थांबा तिथेच.”

“मॅडम?” तो धापा टाकत होता. “ताई हिरवं दाखवून राहिली.”

“दाखवू दे. तिथे पाला आहे. हजार-अकराशे ग्रॅम, तुम्हीच मोजलाय.”

“मॅडम, पण तुम्हीच म्हटलं होतं. डोकं चालवायचं नाही.”

बाजूच्या सोळा पोरांनी मालताकडे पाहिलं. पट्ट्यावरचं सगळं बोलणं नोंदलं जातं, हे तिला ठाऊक होतं.

“म्हटलं होतं,” ती म्हणाली. “चूक शिकवलं मी तुम्हाला. महिनाभर मला ठाऊक होतं ती जागा धड नाही, आणि मी गप्प बसले. आता ऐक. तुझ्या डाव्या हाताला मुरमाड उतार आहे, गवत घोट्याएवढं. दिसतोय?”

“दिसते. पण आग तिकूनच येऊन राहिली!”

“येऊ दे. तिथे ती पातळ असेल, गुडघ्याएवढी. तोंडाला ओलं फडकं बांधा, जिथे फट दिसेल तिथून पळत पलीकडे जा, जळलेल्या जागेवर. आग उष्टं खात नाही, वेदांत. एकदा जेवली तिथे परत येत नाही.”

“आगीत जाऊ म्हणता?”

“आगीतून. थांबायचं नाही, परत वळायचं नाही.”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. ताई मधेच म्हणाली, “गट चुकीच्या दिशेने वळत आहे. कृपया आसरा क्रमांक सातकडे जावे.” त्यावर वेदांत कोणावर तरी ओरडला, “चला! मॅडम म्हणते तिकडे चला!” मालताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही तिने हात हलवला नाही.

“सहाही जण आहेत ना?” तिने विचारलं.

“पाच. ईश्वरी पुढं गेली, मॅडम. ताई बोलली तशीच निंगाली ते.”

त्याच वेळी ईश्वरीचा आवाज आला. धावून दमलेला, पण त्यात आनंद होता. “मी पोचली, मॅडम. चार मिनिटं पाच सेकंद.”

“ईश्वरी ढोक आसऱ्यात सुरक्षित पोचल्या आहेत,” ताईने जाहीर केलं.

मालताने टेकडीकडे पाहिलं. टेकडीवरचं मोहाचं बन तिथून दिसत होतं, तांबूस-हिरव्या नव्या पानांचं. बन आणि मुरमाड उतार यांच्या मधल्या पट्टीत आग शिरली होती. परत फिरायला वाट नव्हती.

“ईश्वरी, खाली बघ. पायाखाली काय आहे?”

“पाला आहे, मॅडम.” मग थोड्या वेळाने, “खूप पाला आहे.”

“सगळ्यात मोठ्या झाडापाशी जा. बुंध्याभोवतीचा पाला ओढ. हाताने, पायाने, कशानेही. माती दिसली पाहिजे. बुंध्याला बांधलेली जाळी सोडून लांब फेक.”

“किती जागा करू?”

“दोन बाजा मावतील एवढी. आणखी होईल तेवढी कर.”

पाला ओढल्याची खसखस ऐकू येऊ लागली. ताई म्हणाली, “ईश्वरी ढोक, आपण सुरक्षित आहात. कृपया स्थिर राहा.” खसखस थांबली.

“मॅडम, ताई म्हणते...”

“तिचं ऐकू नको! बोंड काढून फेक कानातलं! नको, फेकू नको, माझं ऐकत राहा. ओढ पाला, पोरी, ओढ.”

खसखस पुन्हा सुरू झाली. मालता बोलत राहिली, कुठून ओढायचा, कुठे टाकायचा, मातीत तोंड खुपसून कसं निजायचं. चौदा वर्षांचा पाला दोन हातांनी तीन मिनिटांत किती निघतो, ते तिला काट्याशिवायही कळत होतं. ईश्वरी एकदा म्हणाली, “माती दिसली, मॅडम.” त्यानंतर बोंडातून दुसरं काहीच ऐकू येईना, नुसता आगीचा आवाज. मग तोही बंद झाला. मालता तरीही काही वेळ बोलत होती. शेवटी एका पोराने जवळ येऊन तिच्या मनगटावरचा पट्टा हळूच सोडवला.

पाच जण काळ्या जमिनीवर उभे सापडले. भुवया जळालेल्या, बुटांचे तळवे वितळलेले, वेदांतच्या दोन्ही हातांना भाजलेलं, पण सगळे जिवंत. ईश्वरी संध्याकाळी सापडली. तिने झाडून उघडी केलेली जमीन एका बाजेपेक्षा थोडी मोठी भरली.

तिसऱ्या दिवशी प्राथमिक टिपण तयार झालं. ‘प्रशिक्षणार्थी गोंधळून गटापासून भरकटली.’ वर्तमानपत्रांत तेच दुसऱ्याच दिवशी छापून आलं होतं. लोणकरांनी ते टिपण मालतापुढे सहीसाठी ठेवलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

“खोटं नाही म्हणता येणार, मॅडम. गटापासून ती लांब गेलीच होती. यंत्रणा बंद पडली तर इतर जंगलांतले हजारो रक्षक आंधळे होतील. पट्ट्यावरची नोंद समितीपुढे येईल तेव्हा येईल. आणि तुमची नोकरी, पेन्शन...”

“ठेवून जा,” मालता म्हणाली.

टिपण टेबलावर तसंच पडलं होतं आणि दुपारी ईश्वरीचे वडील आले. तुळशीराम ढोक, परतवाड्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. मुलीची पत्र्याची पेटी न्यायला आले होते. पेटी वऱ्हांड्यात ठेवून ते मालताच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती उठून उभी राहिली, त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“मले फकत एक विचाराचं होतं, मॅडम.” नखांत ग्रीस बसलेल्या हातांनी त्यांनी खिशातून पेपराची घडी काढली आणि परत ठेवली. “पेपरात आलं का पोरगी घाबरली, भलतीकडे पयाली. तिची माय दोन दिवस एकच म्हनून रायली, माही पोरगी घाबरट नवती. मले खरं सांगा. पयाली का ते भलतीकडे?”

मालताने टेबलावरच्या टिपणाकडे पाहिलं. सांगणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर हा माणूस पेटी उचलून निघून गेला असता, केंद्र वाचलं असतं, ताई वाचली असती, ती स्वतःही वाचली असती.

“नाही,” ती म्हणाली. “ती घाबरली नाही, भलतीकडेही गेली नाही. यंत्राने सांगितलं तिथेच गेली. सगळ्यांच्या आधी पोचली. ती जागा चुकीची होती. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी तिला शिकवलं होतं, की सांगितलेलं ऐकायचं, डोकं चालवायचं नाही. बाकीचे पाच जण शेवटी वेगळं ऐकून वाचले. तुमच्या मुलीने आधी शिकवलेलं ऐकलं. चूक तिची नाही, ढोकभाऊ. माझी आहे. समितीपुढेही मी हेच सांगणार आहे.”

ते काहीतरी बोलतील, ओरडतील, हात उगारतील, म्हणून ती थांबली. त्यांनी हात उगारला असता तर तिला बरंच वाटलं असतं. मागे न बघताच त्यांनी हाताने खुर्ची चाचपली आणि तिच्यावर बसले.

“म्हंजे ऐकली ते,” ते म्हणाले.

“ऐकलं.”

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा, आणि हलवतच राहिले.

“लहानपनी लय हट्टी होती हो मॅडम. कोनाचं म्हनून ऐकत नवती. आमीच मारू मारू ऐकायले शिकोलं तिले.”